शिळ्या कचोरीची इंग्रजी फिल्म

"आवाज बंद करा आधी!" मी ऑपरेटरवर खेकसले. तंबूतल्या बायका उठायला लागल्या होत्या.

चाकसूच्या शीतलामातेच्या मेळ्यात आमच्या खात्याने गोवराच्या लसीचा कॅम्प लावला होता. मी तेव्हा जयपूरला आरोग्य खात्यात डॉक्टर. मुलांना गोवर-कांजिण्या होऊ नयेत म्हणून बायका या देवीला येतात. लसीला याहून चांगली जागा कुठली? आसपासच्या गावांत गोवराने मुलं दगावली होती. एकही बाई मुलाला लस न टोचता परत जायला नको होती.

आधी फिल्म, मग शेजारच्या तंबूत लस, असा बेत. फिल्म आमच्या खात्यातल्या वरिष्ठ साहेबांनी निवडलेली. पन्नासच्या दशकातली, ब्रिटिश, जेमतेम दहा मिनिटांची. विषय काय, तर शिळं खाऊ नका! आणि मेळा बासोड्याचा. त्या दिवशी चूल पेटत नाही. आदल्या दिवशीचं थंड अन्न देवीला दाखवून तेच प्रसाद म्हणून खातात.

"सर, इथे ही नको," मी हात जोडले होते.

"डॉक्टरसाहिबा, फॉरेन की चीज़ है! हिंदी कमेंट्रीपण भरून घेतली आहे."

कमेंट्री म्हणजे चित्रामागून गोष्ट सांगणारा आवाज. तो गरजला, "बासी खाना जहर है!" बायकांच्या मांडीवर प्रसादाच्या पुड्या उघडलेल्या. नातवाला घेऊन बसलेली एक म्हातारी कडाडली, "माताजी का परसाद नै जहर बतावै छै?" म्हणजे, देवीच्या प्रसादाला विष म्हणतो? साहेबांच्या डोक्यात काय भरलं होतं, देव जाणे!

आवाज बंद झाला. चित्र चालूच होतं. मी माईक ओढला. पडद्यावर मेमने कपाटातून पाय काढला. आपला पाय नव्हे हो, मोठी भरली कचोरी समजा. मुलाने ती खाल्ली आणि तो तापाने फणफणला. मी हिंदीतून सांगायला लागले, "बघा बायांनो, या मेमने लेकराला गोवराची लस दिली नाही!"

बायका खाली बसल्या. पडद्यावर डॉक्टर आला, मूल वाचलं. "दर वेळी डॉक्टर पोचतोच असं नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात मेमने उरलेली कचोरी कचऱ्यात फेकली.

"खाना फेंक्यो क्यूँ?" म्हातारी ओरडली.

आता आली का पंचाईत! "मूल आजारी, माजी. आईच्या घशाखाली घास उतरेना," मी ठोकून दिलं. म्हातारी हळहळली. नातवाला कडेवर घेऊन सगळ्यांत आधी तीच लसीच्या तंबूत शिरली. मागोमाग बाकीच्या.

साहेब आले, रांग पाहून फुलले. "देखा? मी म्हणत होतो ना! आता प्रत्येक मेळ्यात हीच फिल्म. फुल आवाजात!"

मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. फिल्म निवडणारे साहेब तंबूत बसून ती बघत नाहीत, हे तेव्हा शिकले. पुढच्या प्रत्येक मेळ्यात प्रोजेक्टरच्या आवाजाची वायर माझ्या पर्समध्ये असायची.