कानशीला खडू

आयटीतला माणूस काहीही निवडायला बसला की आधी एक्सेल उघडतो. जुन्या घडणीचं टार्गेट पिस्तूल बांधून घ्यायचं ठरल्यावर मीही तेच केलं. हूफडॉर्पच्या बाजूच्या नेमबाजी क्लबात काही वर्षं काढून पोलिसांचा परवाना मिळवला होता. आता हे काम जाणणारा चांगला कारागीर तेवढा हवा होता. तिघांची नावं, रिव्ह्यू, वेबसाइट, सगळं रकान्यांत भरलं. बॅरल, स्लाइड वगैरे सुटे भागही ठरवून टाकले, आणले की बसवले अशा जातीचे.

तेव्हा बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते आणि पार कंटाळले होते. नातीला त्यांचं मराठी समजायचं, पण ती उत्तर डचमध्ये द्यायची. म्हटलं, चला माझ्याबरोबर.

पहिल्या दोन दुकानांत बाबा हाताची घडी घालून उभे राहिले. बाहेर पडल्यावर दोन्ही वेळा एकच वाक्य, "दुकान छान आहे." म्हणजे निकाल लागला. तिसरा कारागीर लायडनच्या पलीकडे एका गावात, घरामागच्या शेडमध्ये काम करायचा. वय सत्तरीकडे झुकलेलं, वेबसाइट नाही, माझ्या एक्सेलमध्ये सगळ्यात खाली. बाबा थेट त्याच्या कामाच्या टेबलापाशी गेले आणि वाकून बघत राहिले.

"हा कानशीला खडू लावतो," ते हळूच म्हणाले. "खडू लावला की धातूचा कीस दातांत अडकत नाही, कामावर ओरखडे उठत नाहीत. घाईवाला माणूस हे करत नाही. याच्याकडेच दे."

मी माझी सुट्या भागांची यादी पुढे केली. त्याने ती वाचून परत दिली. तयार भाग सैल बसतात, म्हणाला. थोडं जास्तीचं लोखंड ठेवलेले आणा, मी घासून जुळवतो. बाबांना मराठीत सांगितलं तर ते खूश झाले. "बघ! मी हेच म्हटलं असतं."

मग त्याने विचारलं, हे कोण?

"माझे वडील. रिटायर्ड इंजिनिअर," मी इंग्रजीत म्हणालो. इथे आल्यापासून मी सगळ्यांना हेच सांगत आलो होतो. ऑफिसात, शेजाऱ्यांना, अ‍ॅमस्टेलव्हीनला गणपतीत भेटणाऱ्या मराठी मंडळींनासुद्धा. जीभ आपोआप तशी वळायची. कारागिराने नुसती मान डोलावली आणि तो पुन्हा माझ्याशीच बोलू लागला.

इंजिनिअर हा शब्द कळायला इंग्रजी यावं लागत नाही. "इंजिनिअर कोण?" बाबा म्हणाले. "फिटर होतो मी. छत्तीस वर्षं. त्याला नीट सांग."

मी नीट सांगितलं. माझे कान तापले होते. म्हातारा कारागीर लगेच बाजूला सरकला. भंगाराच्या डब्यातून लोखंडाचा एक तुकडा काढून त्याने टेबलावरच्या वाइसच्या जबड्यात आवळला आणि कानस बाबांपुढे धरली. बाबांनी आधी तिला खडू लावला. मग दहा मिनिटं शेडमध्ये कानशीचाच आवाज. शेवटी तुकडा सपाट झाला का बघायला त्यावर पोलादी पट्टी टेकवून दोघांनी उजेडाकडे धरली. एका कोपऱ्यात केसाएवढी फट होती. ती बाबांनीच आधी दाखवली. "वय झालं," ते म्हणाले. कारागीर हसला, त्यांच्याशी हात मिळवला आणि माझं काम घेतो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या नखांत काळं शिरलं होतं. लहानपणी मी रोज पाहिलेलं काळं. मग त्यांनी विचारलं, "तुला लाज वाटायची का रे?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हो बाबा. वाटायची."

"वाटलंच मला." आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "म्हणून तर तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला कधी आलो नाही."

मी आजवर समजत होतो, त्यांना ओव्हरटाइम असायचा.