स्टेजवरची खाट

श्वासावर सर्व माणसांचा समान हक्क आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, जुन्नर तालुक्यातल्या आमच्या मंगल कार्यालयाचं कोविड सेंटर झालं, तिथे हा हक्क स्टेजवर ठेवलेला होता. ऑक्सिजनचं मशीन एकच मिळालं होतं आणि जनरेटरची लाइन, ऑर्केस्ट्र्याच्या सोयीसाठी, फक्त स्टेजपर्यंत ओढलेली. म्हणून नवरानवरीच्या खुर्च्या हलवून तिथे एक खाट टाकली. बाकी आम्ही खाली, जिथे एरवी पंगती बसत.

ते दिवस आठवले की माझं मन अजून हळवं होतं. घराघरांतून भाकरीचे डबे येत, कुणाचीही भाजी कुणीही खाई. भांडणं फक्त पंख्याखालच्या जागेवरून होत.

एका सकाळी स्टेजवरचा पेशंट बरा होऊन घरी गेला. खाली माझ्या काकूला धाप लागली होती, बोटावरच्या यंत्रातला आकडा उतरत होता. डॉक्टर मॅडम तिला उठवायला आल्या, तोवर सोसायटीचे माजी चेअरमन उशी घेऊन वर जाऊन आडवेही झाले होते. त्यांचा आकडा माझ्यापेक्षा चांगला होता.

"चेअरमन, खाली या. यांना गरज जास्त आहे," मॅडम म्हणाल्या.

"आन् मशीनचा नारळ कुणी फोडला? आमी पंगतीत झोपायचं, हे बरं दिसतं व्हय?"

मॅडमनी समजावलं, मग दरडावलं. चेअरमननी डोळे मिटून घेतले. आयुष्यभर स्टेजवर बसलेल्या माणसाला स्टेजवर औषधही ठेवतात, हे पटणं अवघडच. मी काकूचा हात धरून होतो, तो गार पडत चालला होता.

काकूनं मान वर केली. एकेक शब्द ओढत म्हणाली, "राहू द्या... भाऊंना वर. माझं... लगीन झालंय एकदा."

सगळा हॉल हसला. खोकत, धापा टाकत, पण हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "अक्षता आणा राव!"

चेअरमन उठले. उशी काखेत मारून, कुणाकडे न बघता पायऱ्या उतरले. काकूच्या नाकाला नळी लागली आणि दुपारपर्यंत तिचा हात ऊबदार झाला.

काकू आज ठणठणीत आहे. त्या दिवसांचा विषय काढला की ती एवढंच सांगते, तिथल्या चहात साखर लई कमी व्हती.