पुंजारामची इंग्रजी सही

"आता शेवटचा एम. दोन डोंगर शेजारी शेजारी काढा, झालं!" मी म्हणत होते, आणि नाशिकरोडच्या जेलच्या मुलाखतीच्या खोलीत टेबलापलीकडे पुंजाराम जीभ बाहेर काढून डोंगर काढत होता.

पुंजाराम विंचूरच्या कांदा बाजारात हमाल. क्विंटलचं पोतं पाठीवर घेणार नाही, वजन कमी करा, असं म्हणून त्याने हमालांचं काम थांबवलं होतं. ट्रक उभे राहिले, कांदा सडायला लागला आणि पुंजारामवर स्थानबद्धतेचा आदेश निघाला. आणीबाणी उठून काही वर्षं झाली होती. मिसा गेला होता, पण त्याच्या जागी दुसरा कायदा येऊन बसला होता.

स्थानबद्धता म्हणजे शिक्षा नव्हे. शिक्षा केल्याची होते. ही, माणूस पुढे काहीतरी करील म्हणून. खटला नाही, जामीन नाही, वर्षभरापर्यंत आत. त्याच्या बायकोला, गयाबाईला, मी हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "केलं नाय, पण करील म्हणून? मग माझ्या सासूला आधी न्या. ती रोज म्हनती, तुला बघून घेईन."

मी तेव्हा दातारसाहेबांकडे ज्युनियर होते. वकिलीचं तिसरं वर्ष. त्या वेळचा काळ्या कोटातला फोटो बघून नात म्हणते, "आजी, काय रुबाब होता गं तुझा!" रुबाब होताच. डोकं यायचं होतं.

अशा माणसाला आपली घटना एक गोष्ट देते. त्याला का धरलं, ते त्याला कळेल असं सांगायचं आणि उत्तर द्यायची संधी द्यायची. त्या उत्तराला आम्ही रिप्रेझेंटेशन म्हणतो. ते लिहायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं आणि स्वतः एका लांबलेल्या खटल्यात अडकले. मी अकरा पानं लिहिली. इंग्रजीत. मानवी हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, मनमानी अटकेविरुद्धचं त्यातलं कलम, लॅटिन वचनं, सगळं आणलं. वाचून माझा मलाच हेवा वाटला.

मग खाली पुंजारामची सही हवी. तो मराठी तिसरी शिकलेला. त्याची ती वेडीवाकडी सही माझ्या इंग्रजीखाली म्हणजे पैठणीला गोणपाटाचं ठिगळ. म्हणून ही शिकवणी. चार भेटी लागल्या. पठ्ठ्या इतका खूश झाला की नंतर जेलच्या प्रत्येक कागदावर तीच सही ठोकू लागला.

सरकारने अर्ज फेटाळला. आम्ही मुंबईला हायकोर्टात हेबियस कॉर्पस दाखल केलं. म्हणजे, माणूस कुठल्या अधिकाराने डांबलाय ते कोर्टाला दाखवा. आमचा सगळ्यात भक्कम मुद्दा साधा होता. अटकेची कारणं पुंजारामला दिली ती सगळी इंग्रजीत, मराठी भाषांतर नाही. तेवढ्यावर आदेश पडायला हवा होता.

सरकारचं उत्तर आलं. बंदीला इंग्रजी उत्तम येतं. तो इंग्रजीत सही करतो. त्याचा अर्जही विद्वत्तापूर्ण इंग्रजीत आहे.

दातारसाहेबांनी चष्मा काढला. "तिसरी शिकलेला हमाल इंग्रजी सही कधीपासून करायला लागला?"

"मी... शिकवली, सर."

"बाई, तुम्ही वकील कोणाच्या? त्याच्या की सरकारच्या?"

साहेबांनी माझी अकरा पानं उलटली.

"आणि हा करार. तो मान्य करताना याच कलमाला आपल्या सरकारने पुस्ती जोडलीय, की असली अटक आमच्या घटनेप्रमाणे चालेल. पुस्ती वाचलीत?"

"नाही, सर."

ऑफिसातल्या बाकावर गयाबाई बसली होती. आमचं बोलणं तिला नेमकं तेवढंच कळलं जेवढं कळायला नको होतं. "म्हंजी ताई, तुमच्या शिकवन्यानं त्यो आतच ऱ्हानार?"

आयुष्यात कोर्टाने बरंच सुनावलं, पण असं कोणी नाही.

"आता स्वतःचं अॅफिडेव्हिट करा," साहेब म्हणाले. "सगळं लिहा. डोंगरांसकट."

लिहिलं. सोबत दोन कागद जोडले. आदेश हातात मिळाल्याच्या पोचपावतीवर पुंजारामची मराठी सही होती. आणि जेलच्या भेटीच्या रजिस्टरात माझ्या चार भेटी होत्या. इंग्रजी सह्या सगळ्या त्यानंतरच्या. माझा मूर्खपणा तारीखवार नोंदलेला होता, म्हणून वाचलो.

हायकोर्टात न्यायमूर्तींनी ते वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "विद्यार्थ्याला आणखी काय लिहिता येतं?"

"काही नाही, माय लॉर्ड. एबीसीडीसुद्धा नाही. फक्त नाव."

कोर्टात हशा. कोटात मान आत ओढता येते का, ते मी करून पाहिलं. येत नाही.

सरकारी वकील म्हणाले, आदेश बजावणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला कारणं तोंडी समजावली होती. न्यायमूर्ती म्हणाले, खटल्याशिवाय डांबलेल्या माणसाच्या हातात तेवढा एकच कागद असतो. तो त्याला वाचता येत नसेल तर तो उत्तर कशाचं देणार? आदेश रद्द.

जेलमधून सुटताना पुंजारामने रजिस्टरात सही केली. इंग्रजीत, ऐटीत. शिपाई बघतच राहिला. स्टँडवर चहा पिताना त्याने मला विचारलं, "ताई, त्या अकरा पानांत काय व्हतं वो?"

मी चमकले. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तिथेच मराठीत सांगायला बसले. करार सांगून पाहिला, तो गयाबाईकडे बघायला लागला. करार वगळला, लॅटिन वगळलं. उरलं ते एवढं: पोतं जड होतं. आम्ही उचललं नाही. कोणाला हात लावला नाही. मला सोडा.

"एवढंच?" पुंजाराम म्हणाला. "हे तर मीच लिवलं असतं."

तेव्हापासून अशिलाला त्याच्या बोलीत वाचून दाखवल्याशिवाय मी एकाही कागदावर सही घेतली नाही. पुंजारामला न कळणारा कागद दिला म्हणून सरकारचा आदेश रद्द झाला. मीही त्याला तसलाच कागद दिला होता. माझ्याविरुद्ध मात्र कोणी हायकोर्टात गेलं नाही.