जावयाच्या ताटातले अनारसे

"डोळ्यांच्या पडद्यावर रक्त झिरपतंय," असं अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी तर चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेले होते. या आजाराला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. मला डायबेटिस आहे हेच मला त्या दिवशी कळलं. मी ब्लाऊज शिवते. सुईत दोरा ओवता आला नाही तर मी काय करणार, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मग एचबीएवनसी झाली. मागच्या तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती होती ते या तपासणीत कळतं. ती सातच्या आत हवी; माझी दहाच्या वर निघाली. साखरेच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि लो-कार्ब आहार सांगितला, म्हणजे गोड बंद, पोळी-भात अगदी थोडा, आणि पोट भरायला भाज्या, अंडी, पनीर, दाणे. हे स्वतःच्या मनाने सुरू करू नका. गोळ्या चालू असताना पोळी-भात एकदम तोडला तर साखर खूप खाली जाऊन माणूस पडतो. माझ्या गोळ्या डॉक्टरांनी आहारासोबत बदलत नेल्या.

तिथल्याच बाकावर मी रडत होते, तेव्हा ह्यांनी माझा हात धरला. "तू एकटी काहून सोडशीन? आजपासून मीबी गोड सोडलं. खाईन तं दोघं, नाही तं कोनीच नाही."

लग्नाला वीस वर्षं झाली, पण हा माणूस इतका जवळचा मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

पहिले काही आठवडे भयंकर गेले. क्रेव्हिंग म्हणजे भूक नाही. पोट भरलेलं असतं आणि तरी जीभ हट्टाला पेटते. मला ती दुपारी मशीनवर बसले की यायची. हात थरथरायचे, गिऱ्हाइकावर उगाच खेकसायचे. (थरथर झाली की आधी साखर तपासा. ती खरंच उतरलेली असेल तर लगेच गोड घ्यावंच लागतं.) माझी उतरलेली नसायची, नुसता हट्ट असायचा. मग जिरं घातलेलं ताक प्यायचे, मूठभर दाणे चावायचे, अंगणात फेऱ्या मारायचे. थोड्या वेळाने तो हट्ट ओसरतो. तेवढा वेळ तग धरायचा, बस.

आणि ह्यांना फोन करायचे. हे ऑफिसातून म्हणायचे, "मलेबी लय आठवन येऊन राहिली जिलबीची. पन आपन सोडली नं?" तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

काही महिन्यांनी डोळ्यांचं लेझर अकोल्याला करायचं ठरलं, कारण माझं माहेर तिथे आहे. त्याच सुमारास धोंड्याचा महिना लागला. अधिकमासात आमच्याकडे लेक-जावयाला जेवायला बोलावतात, जावयाला अनारसे वाढतात, नवे कपडे करतात. आईने फोनवर सांगितलं, "यंदा धोंडा नाही करत माय. तुह्यासमोर कसं तळू?" मला भरून आलं. माझ्यासाठी आईने रीत मोडली, हे मी शेजारणींना कौतुकाने सांगितलं.

एका सकाळी दवाखान्यातून फोन आला की तारीख अलीकडे घेतली आहे, आजच या. हे नांदगाव खंडेश्वरला काम आहे म्हणून त्याआधीच निघून गेले होते, फोनही लागेना, म्हणून मी एकटीच एसटीने गेले. लेझर झालं. बाहुली मोठी करायला औषध घातलेलं असल्यामुळे सगळं धूसर दिसत होतं, ऊन तर सुईसारखं टोचत होतं. ऑटो केला आणि न सांगताच माहेरी गेले.

दार उघडंच होतं. आत तुपाचा आणि खसखशीचा वास. पाटावर कुणी तरी बसलेलं दिसलं, पण चेहरा कळेना. मग आवाज आला, "आई, अजून एक वाढा."

वीस वर्षं ऐकलेला आवाज ओळखायला डोळे लागत नाहीत.

आई घाबरून उठली. "अवं, जावई हाय तो! धोंड्यात त्याले उपाशी ठेवू काय? लोक काय म्हनतीन?" हे म्हणाले, "तुह्या तोंडासमोर कदी खाल्लं काय मी? तुले तरास नको म्हनून तं इथं येतो." बोलताबोलता वहिनीच्या तोंडून निघून गेलं की दर महिन्याला येतात, बासुंदी सांगूनच येतात.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी ताक पिऊन फोन करायचे तेव्हा हा माणूस जिलबीची आठवण काढून मला धीर देत होता. मला इतकी चीड आली की रडूसुद्धा फुटेना.

आईने माझ्या हातात अनारसा ठेवला. "घे माय, एक खाय. एकानं काय होते?"

गरम होता. त्या क्षणी मला तो खायचा होता. जिभेसाठी नाही, सूड म्हणून. तोंडापर्यंत नेला. मग वाटलं, सूड कोणावर? डोळे तर माझेच जातील. तो ह्यांच्या ताटात ठेवला आणि पाणीही न घेता स्टँडवर आले.

अजून मी ह्यांना माफ केलेलं नाही. बोलतो, जेवतो, पण त्या फोनची जागा रिकामी आहे. दुपारी हट्ट आला की आता मी कुणाला फोन करत नाही, आणि तरी तो ओसरतो. तुमच्या घरातही कुणी तुमच्यासोबत गोड सोडलं असेल तर आनंदच आहे. पण आपलं पथ्य त्यांच्या शब्दावर टांगून ठेवू नका.

पुढच्या तपासणीत एचबीएवनसी सातच्या खाली आली. डोळ्यांतलं झिरपणं थांबलं होतं. साखरेचे डॉक्टर खूश झाले. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या ह्यांच्याकडे पाहून म्हणाले, "घरच्यांची साथ असली की हे असं जमतं."

ह्यांनी मान खाली घातली.

"साथ नव्हती डॉक्टर," मी म्हटलं. "मी एकटीनेच केलं."