मोटर किती वेळ चालते?

ऊसतोडीची यादी सकाळी नोटीस बोर्डावर लागली आणि दहा वाजेपर्यंत कारखान्याच्या ऑफिसात उभं राहायला जागा उरली नाही. ज्यांच्या विहिरी आटल्या होत्या त्यांचे नंबर शेवटी, आणि ज्यांच्या उसाला अजून पाणी मिळत होतं ते पहिले. यादी कॉम्प्युटरने काढली होती. प्रोग्राम माझा होता.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ. आमच्या सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर नुकताच आला होता. मी मूळचा बेंबळीचा, हैदराबादेत कार्ड पंचिंगपासून कोबॉल भाषेतल्या प्रोग्रामपर्यंत सगळं करून परतलेला. कागदोपत्री वय चौपन्न. एमडींनी तोंडावरच सांगितलं होतं, "सोनवणे, या वयात नवीन मशीन जमत नाही. हा सीझन बघू, नाहीतर सगळं संजयकडे देऊ." संजय पुण्याहून आलेला, पंचविशीचा इंजिनिअर. हुशार, आणि त्याची त्याला पूर्ण कल्पना. मुलीचं कॉलेज चालू होतं, घरी बसणं परवडणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला हे काम सोडायचंच नव्हतं.

गर्दीतून येरमाळ्याच्या इंदूबाई पुढे आल्या. स्वतः शेती बघणारी बाई. त्यांचा नंबर चारशेच्या पुढे. त्यांनी कॉम्प्युटरकडे नीट बघून घेतलं आणि मला विचारलं, "साहेब, ह्ये तुमचं मशीन कवा विहिरीत डोकावलंय का?"

लोक हसले. मला हसू आलं नाही.

प्रोग्राम साधा होता. ज्या तारखेला उसाची लागण (लागवड) झाली त्या क्रमाने तोड, म्हणजे जुना ऊस आधी. ओळ न् ओळ तपासली, चूक सापडेना. मग नोंदी छापून काढल्या. शेकडो प्लॉटची लागण एकाच दिवशी, दसऱ्याला! उरलेल्यांची पाडव्याला. तारीख सारखी असली की मशीन ज्याचं नाव आधी टाइप झालं त्याला आधी घ्यायचं. येरमाळ्याची, म्हणजे विहिरी आटलेल्या भागाची, वही सगळ्यात शेवटी टाइप झाली होती.

संजय म्हणाला, डेटाच चुकीचा आहे, सगळा पुन्हा भरा. त्याला महिना लागला असता आणि तोवर उसाचं सरपण झालं असतं. मी बाबुरावांना बोलावलं. ते चिटबॉय, म्हणजे शेतावर जाऊन उसाची नोंद घेणारे आणि तोडीची चिठ्ठी देणारे. हे 'बॉय' पन्नाशीचे होते.

"शेतकरी म्हंतो दसऱ्याला लावला," ते म्हणाले. "आमी दसऱ्याची तारीख लिवतो. आठ-पंधरा दिस इकडं-तिकडं."

मी कपाळाला हात लावला. माझी स्वतःची जन्मतारीख एक जून. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली. आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनला जन्मली होती. हे मला कळायला हवं होतं.

"बाबुराव, विहिरीला पाणी किती उरलंय, हे कसं सांगता?"

"मोटर किती येळ चालती त्यावरनं. कुणाची तासभर, कुणाची दहा मिन्टं. इंदूबाईची तर बंदच हाय."

झालं! तारखांना हात लावायची गरजच नव्हती. एक रकाना वाढवायचा, मोटरच्या मिनिटांचा. तारीख सारखी असेल तिथे ज्याची मोटर कमी चालते त्याचा ऊस आधी. बाबुरावांनी एक अट घातली. मिनिटं शेतकऱ्याला विचारायची नाहीत, मोटर चालू करायला लावून घड्याळात बघायची.

चिटबॉय सायकलींवर निघाले. इकडे मी संजयशेजारी खुर्ची ओढली आणि म्हणालो, प्रोग्राम माझा असला तरी नोंदींची फाइल तू नव्या भाषेत बांधलीस, तिच्यात रकाना कसा वाढवतात ते शिकव. तो आधी चपापला, मग खुलला. मी त्याला उसाच्या वह्या वाचायला शिकवलं. ते चार दिवस मला तहानभूक नव्हती. पहिल्या नोकरीतही इतकी मजा आली नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी प्रिंटर खडखडला. इंदूबाई सहाव्या नंबरवर! यादी घेऊन मी एमडींच्या केबिनपर्यंत जिना पळतच चढलो.

एमडींनी यादी दोनदा वाचली. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "सोनवणे, तुमचं वय नक्की किती हो?"

"माहीत नाही, साहेब. गुरुजींनी ठरवलंय."

त्यांनी यादीवर आणि माझ्या पुढच्या सीझनच्या ऑर्डरवर सही केली. त्याच आठवड्यात इंदूबाईंचा ऊस कारखान्यात आला. तिथे मी आणखी सहा सीझन काढले.

नोकरीच्या फॉर्मवर वयाचा रकाना असतो. मोटर किती वेळ चालते, हे त्यात कुणी विचारत नाही. ती आपणच चालू करून दाखवावी लागते.