कठीण म्हणजे नेमकं काय?

फीत कापून, टाळ्या वाजवून, फोटो काढून झाल्यावर त्या यंत्राचं पुढे काय होतं, असं तुम्ही कधी कुणाला विचारलंय का?

मी विचारलं नव्हतं. खरं तर विचारायला हवं होतं, कारण मी पत्रकांच्या घरात वाढले. पुण्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांच्या आधी पत्रकं असायची: नदीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्यांबद्दल, कचरा डेपोबद्दल, विहिरींबद्दल. आई लिहायची, मी घड्या घालायचे. तिचा एक नियम होता. पत्रकाच्या शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं ते सांगितलंच पाहिजे. "नुसतं रडगाणं छापायचं असेल तर कागद कशाला नासायचा?" असं म्हणायची.

आता मी तोक्योत, कोतो भागातल्या एका छोट्या सल्लागार कंपनीत काम करते. जपान आजूबाजूच्या देशांना पर्यावरणासाठी जी मदत देतो, तिच्या काही प्रकल्पांचे आराखडे आणि अहवाल आम्ही तयार करतो. तिकडून शिकायला येणाऱ्यांची व्यवस्था माझ्याकडे असते. अशाच एक मोंगोलियन रसायनशास्त्रज्ञ वर्षभरासाठी सेंदाईच्या विद्यापीठात आल्या होत्या. वयाने मोठ्या, उंच, आणि हसल्या की रेल्वेच्या अख्ख्या डब्यातली माणसं वळून बघतील अशा. मी त्यांना ताई म्हणायला लागले आणि त्यांना ते आवडलं.

ताईंच्या गावात नदीकाठी चामडं कमावण्याचे कारखाने आहेत. पूर्वी सरकारी होते. मग राज्यव्यवस्था बदलली, कारखाने विकले गेले, मालक आले. नाला मात्र तोच राहिला, आणि चामडं कमावताना त्यात उतरणारं विषारी क्रोमियमही. ते मोजायला जपानने ताईंच्या प्रयोगशाळेला एक यंत्र दिलं. या यंत्रात प्रत्येक धातूसाठी वेगळा दिवा बसवावा लागतो. त्यांच्याकडे फक्त क्रोमियमचाच दिवा होता. तो गेला आणि यंत्र बंद पडलं. नवा दिवा जपानमधून यायचा, आणि परदेशातून माल मागवण्याची सोय त्यांच्या नगरपालिकेत नाही. मालकांना हे छान ठाऊक होतं. मोजणारं कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी सांडपाणी तसंच नाल्यात सोडायला सुरुवात केली.

"यंत्रावरचा जपानी झेंड्याचा स्टिकर मात्र अजून नवा कोरा आहे," ताई म्हणाल्या. "त्याला दिवा लागत नाही ना!"

मी म्हटलं, "ताई, इथून एक दिवा घेऊ आणि तुमच्या बॅगेत टाकू."

"आणि तो गेला की? परत मी बॅग घेऊन यायचं? मला दिवा नको, दिवा मिळायची वाट हवी."

म्हणजे त्यांच्या देशात एक विक्रेता ठरवायचा, दिवे त्याच्याकडून मिळतील अशी व्यवस्था करायची, आणि पहिल्या काही वर्षांचा भार प्रकल्पाने उचलायचा. परतायच्या आधी हे मार्गी लागलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. नाहीतर रिकाम्या हाताने जाऊन पुन्हा त्याच बंद यंत्राशेजारी बसायचं.

त्या सेंदाईहून आमच्या कचेरीत आल्या. आमच्या विभागप्रमुखांना सगळे 'काचो' म्हणतात. ते पद आहे आणि हाकही तीच. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, मान किंचित कलती केली, दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले, "मुझुकाशी देस ने." कठीण आहे, नाही का.

जपानमध्ये थोडे दिवस काढलेल्या कुणालाही विचारा. याचा अर्थ कठीण असा नसतो. याचा अर्थ 'नाही' असा असतो. आपल्याकडे साहेब 'बघू' म्हणतात, तसंच. समोरच्याने ते ओळखून, वाकून निघून जायचं असतं.

ताई वाकल्या. पण निघाल्या नाहीत. वर्गात शिकलेल्या त्यांच्या जपानीत कठीण म्हणजे कठीणच होतं. त्यांनी पेन काढलं. "हो, कठीण तर आहेच! काय काय कठीण आहे, सांगता का?"

काचोंनी माझ्याकडे पाहिलं. नंतर जिन्यात मला गाठून हळूच म्हणाले, "त्यांना जरा समजावून सांगा."

म्हणजे नकार त्यांचा आणि तोंड माझं.

त्या संध्याकाळी ताई माझ्या इचिकावाच्या घरी मुक्कामाला होत्या. मी दुधाला विरजण लावत होते. ताई वाकून बघायला लागल्या. "हे कुठून आणलंस?"

"खालच्या मजल्यावरच्या मराठी काकूंकडून. सकाळी त्या विचारतील, दही लागलं का म्हणून. नाही लागलं तर परत देतील."

"आमच्याकडेही असंच करतात," त्या म्हणाल्या. "आणि आमच्या भाषेत विरजणाला आणि भांडवलाला एकच शब्द आहे."

मी चमचा हातात घेऊन तशीच उभी राहिले. आम्ही दिलेल्या यंत्राचं दही लागलं का, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. ताईंनी मी शिकवलेला 'नमस्कार' केला. मी आईला सगळं मराठीत सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "आता मला यांना सांगायचंय की ते नाही म्हणाले."

"म्हणाले का पण?"

"कठीण म्हणाले. इथे त्याचा अर्थ…"

"अर्थ गेला उडत! त्याला नाही म्हणायचं असेल तर त्याच्या तोंडाने म्हणू दे. तू काय पोस्टमन आहेस त्याची? जपानला जाऊन अगदीच मऊ झालीस बाई." मग ताईंकडे बोट दाखवून म्हणाली, "ही बरोबर विचारतेय. काय कठीण आहे? तू तेच विचार."

दुसऱ्या दिवशी मी काचोंसमोर उभी राहिले. "तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी त्यांना समजावणार आहे. पण आधी मला समजायला हवं. काय कठीण आहे?"

"असं विचारत नाहीत," ते म्हणाले.

"माहीत आहे. तरी विचारतेय."

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग जे बोलले ते खरं होतं. पैसे ही मोठी अडचण नव्हती. आमच्या शेवटच्या अहवालात प्रकल्प 'पूर्ण' झाला होता. पुढची मदत मागायची तर यंत्र बंद आहे असं लिहावं लागणार. ते आम्ही लिहिलं तर आमची मान खाली, आणि मोंगोलियाच्या बाजूने लिहिलं तर त्यांची. म्हणून कुणीच लिहीत नव्हतं.

मी ताईंना हे जसंच्या तसं सांगितलं. त्या मोठ्याने हसल्या. "एवढंच? मग मी लिहिते. परत गेल्यावर आमचे साहेब माझ्यावर भडकतील. भडकू देत. क्रोमियम मोजायला मी आहे, त्यांचा चेहरा मोजायला नाही."

त्यांनी प्रयोगशाळेच्या वतीने लिहून दिलं. आमच्या बाजूचा मसुदा माझ्याकडे आला. मी लिहिलं: यंत्र बंद आहे. काचोंनी दुरुस्त केलं: यंत्राच्या वापरात काही अडचणी जाणवतात. मी पुन्हा लिहिलं: यंत्र बंद आहे. त्यांनी केलं: यंत्राचा पुरेपूर वापर होत नसल्याचे दिसते. मी पुन्हा लिहिलं: यंत्र बंद आहे, कारण दिवा नाही.

"तुम्ही हे असं कुठे शिकलात?" त्यांनी वैतागून विचारलं.

"आईकडे. पत्रकं लिहायची ती."

त्यांनी पुन्हा दातांतून हवा ओढली. मग खणातून शिक्का काढला आणि त्याच वाक्याखाली उमटवला. या वेळी 'कठीण' म्हणाले नाहीत.

ताई आता घरी गेल्या आहेत. साहेब भडकले, अपेक्षेप्रमाणे. दिवा अजून पोचलेला नाही. पण गेल्या आठवड्यात वरून, मदत मंजूर करणाऱ्या सरकारी खात्याकडून, एका ओळीची विचारणा आली: दिव्याचा नेमका प्रकार कोणता? काचो तो कागद घेऊन स्वतः माझ्या टेबलापाशी आले. इथे नकार देणारा माणूस प्रकार विचारत नाही. मी लगेच ताईंना कळवलं. त्यांनी प्रकार पाठवला, आणि खाली लिहिलं, 'अजून काय कठीण आहे ते विचार.'

विचारणारच आहे. दर सोमवारी विचारते. त्या नदीचं पाणी पुन्हा मोजलं जाईपर्यंत विचारत राहीन.

आता शेवटची ओळ, आईच्या नियमाप्रमाणे. तुमच्यापैकी कितीतरी जण बँकांत, व्यापारी कंपन्यांत, सरकारी कचेऱ्यांत आहात. जपानमध्ये असा नाहीतर पुण्या-मुंबईत, तुमच्या कचेरीने कुठेतरी फीत कापलेली असणारच. तिथे उद्या फोन करा. साहेबाला नको, रोज यंत्रापाशी बसणाऱ्या माणसाला करा. दही लागलं का ते विचारा. आणि 'बंद आहे' असं उत्तर आलं, तर तेच दोन शब्द लिहून वर पाठवा, कुणी कितीही मऊ केले तरी पुन्हा तसेच लिहा.