एकावन्नातलं एक

वेंगुर्ल्याच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. इन्सुलिनचा धडा आला की फळ्यावर दोन साखळ्या काढायची, एक एकवीस अमायनो आम्लांची, दुसरी तीसची, आणि दोन्हींना जोडणारे गंधकाचे दोन पूल. मग ठरलेलं वाक्य: "डुकराच्या इन्सुलिनमध्ये एकच आम्ल आपल्यापेक्षा वेगळं असतं, तरी कितीतरी वर्षं माणसं त्यावर जगली. एकावन्नातलं एक बदललं म्हणून फारसं बिघडत नाही."

चार वर्षांपूर्वी कसालजवळच्या आमच्या घरून वयनीचा, म्हणजे मोठ्या भावाच्या बायकोचा, फोन आला. तिची मुलगी तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची होती.

"गो, तू शिकलेली म्हणान इचारतंय. चेडवाच्या लंगोटाक मुंगये लागतत. असा कशाक?"

लंगोटाला मुंग्या, म्हणजे लघवीत साखर. "मुतता खूप?"

"सारख्या. दूध ओढता, पण अंग धरणा नाय."

"आत्ताच्या आत्ता डॉक्टराकडे घेवन जा."

मी पोचेपर्यंत तिला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात हलवलं होतं. बाळ धापा टाकत होतं. साखर इतकी वाढलेली, की मशीनवर आकडाच येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्या लहान बाळाला मधुमेह झाला, तर बहुतेक वेळा दोष जनुकात असतो. तिघांचंही रक्त तपासायला पाठवू."

इन्सुलिन सुरू झालं आणि बाळ सावरलं. पण घरी आमच्या आईने वयनीला धारेवर धरलं. "गरोदर असताना गोड खाव नको म्हणान किती सांगलंय!" वयनीने जेवणच सोडलं.

काही आठवड्यांनी अहवाल आला. भावाला काही कळेना, म्हणून तो कागद मीच वाचला. एकवीसच्या साखळीत सातव्या जागी गंधकवालं सिस्टीन हवं होतं. तिथे टायरोसिन आलं होतं. बाकीची पन्नास जागच्या जागी.

डुकराचं ते वेगळं आम्ल लांब साखळीच्या अगदी टोकाला असतं, तिथे बदल चालतो. सातव्या जागेवरून मात्र त्या दोन पुलांतला एक निघतो. तो पूलच नाही, म्हणून साखळ्या वेड्यावाकड्या गुंडाळल्या जात होत्या, आणि त्या गुंत्याने इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मरत होत्या. हे मी आयुष्यभर शिकवलं, आणि एकदाही कुठली जागा, हा प्रश्न मला पडला नव्हता. माझीच मला भीती वाटली.

भाऊ आणि वयनी दोघांचंही रक्त निर्दोष निघालं. बदल बाळातच नव्याने झाला होता.

वयनीने एवढंच विचारलं, "म्हणजे माज्या खाण्यान नाय?"

"नाय. तुझा काय एक चुकला नाय."

ती भिंतीकडे तोंड करून खूप वेळ रडली.

आईला सांगताना मी आवाज चढवला. मग उठून तिने पेज वाढली आणि ताट स्वतः वयनीसमोर नेऊन ठेवलं. "जेव गो. माका खंय म्हायत होता."

मुलगी आता बालवाडीत जाते. इन्सुलिन तिला जन्मभर लागणार. सकाळची सुई आमची आईच टोचते. शिकायला तिने महिनाभर घेतला, आणि पहिल्या दिवशी सुई टोचून झाल्यावर मागीलदारी जाऊन ती ओकली होती.